कॅमेलोपार्ड : नावातला उंट आणि नावातला बिबट्या



विषय वाचून काही श्रोत्यांना वाटले असेल, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने प्राणिसंग्रहालयात कशाला शिरावे? प्रश्न रास्त आहे. पण भारतीय तर्कशास्त्रात एका रानजनावराच्या नावावरून काही शतके वाद झाला, हे लक्षात घेतले तर आपण फार वाट चुकलेलो नाही. त्या वादाकडे आपण येणारच आहोत.

आजचा आपला शब्द आहे 'कॅमेलोपार्ड'. इंग्रजी उत्तम जाणणाऱ्यालाही तो चटकन कळेलच असे नाही. आजच्या बोलण्यात तो नाही, वर्तमानपत्रात नाही. जुन्या पुस्तकात, आकाशाच्या नकाशात किंवा शब्दकोड्यात गाठ पडली तर पडते. त्याचा अर्थ अगदी साधा आहे. कॅमेलोपार्ड म्हणजे जिराफ.

शब्द मुळात ग्रीक. 'कामेलोस' म्हणजे उंट आणि 'पार्दालिस' म्हणजे ठिपक्यांचे मोठे श्वापद. सोयीसाठी आपण त्याला बिबट्या म्हणू. उंटासारखा बांधा आणि बिबट्यासारखी कातडी, म्हणून उंट-बिबट्या. लॅटिनमधून हा शब्द चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला. पुढे लोकांना त्यात 'लेपर्ड' ऐकू येऊ लागले, म्हणून 'कॅमेलेपर्ड' असेही स्पेलिंग रूढ झाले.

आपल्यापुढे प्रश्न तीन आहेत. असे जोडनाव पडले कसे? प्राणी डोळ्यांपुढे नसताना ते शतकानुशतके टिकले कसे? आणि प्राणी प्रत्यक्ष दारात आल्यावर ते मागे का पडले?

सुरुवात अलेक्झांड्रियापासून करू. इजिप्तवर टॉलेमी घराण्याचे राज्य होते. इ.स.पू. तिसऱ्या शतकात दुसऱ्या टॉलेमीने त्या शहरात एक प्रचंड मिरवणूक काढली. तिचे वर्णन अथेनायसच्या ग्रंथात उतरले आहे. हत्ती, सिंह, बिबटे, शहामृग अशी जनावरांची रांगच रांग, आणि त्यांत एक कॅमेलोपार्डालिस. एकच. ग्रीक माणसाला उंट माहीत होता, बिबट्या माहीत होता. समोर आलेल्या जनावराला त्याच्याजवळ नाव नव्हते, तेव्हा त्याने घरातल्या दोन नावांची गाठ मारली.

रोममध्ये हा प्राणी पहिल्यांदा दिसला तो इ.स.पू. ४६ साली, ज्युलियस सीझरच्या विजयोत्सवात. प्लिनीने त्याचे जे वर्णन केले आहे ते मोठे मजेचे आहे. मान घोड्यासारखी, पाय बैलासारखे, डोके उंटाचे, तांबूस अंगावर पांढरे ठिपके. म्हणजे नावात दोनच प्राणी, पण वर्णन करताना घोडा आणि बैलही कामाला लावावे लागले! प्लिनी आणखी सांगतो, की हे जनावर दिसायला जितके चमत्कारिक तितके स्वभावाने उग्र नाही, म्हणून त्याला 'रानमेंढी' असेही म्हणू लागले. आता मेंढीही आली. आणि जाता जाता तो हेही नोंदवतो, की इथिओपियाचे लोक याला 'नाबुन' म्हणतात. ज्यांच्या मुलखात तो प्राणी हिंडत होता, त्यांच्याजवळ त्याचे सरळ एका शब्दाचे नाव होते. त्यांना उंटाची किंवा बिबट्याची मदत घ्यावी लागली नाही. प्लिनीने हे नाव लिहून ठेवले, पण युरोपने ते घेतले नाही.

हेलिओडोरस या ग्रीक लेखकाच्या 'एथिओपिका' कादंबरीत या नामकरणाचा प्रसंगच आहे. इथिओपियाच्या राजाला नजराणा म्हणून हे जनावर येते, लोक थक्क होतात आणि ठळक दिसणाऱ्या दोन खुणांवरून जमावच त्याला आपसूक कॅमेलोपार्डालिस म्हणू लागतो. प्रसंग कल्पित आहे, पण कादंबरीकाराने नाव कसे जन्मते हे बरोबर हेरले आहे. असे नाव पंडिताच्या टेबलावर तयार होत नाही, पाहणाऱ्यांच्या तोंडून निघते.

आता आपल्या तर्कशास्त्राकडे येऊ. गौतमाच्या न्यायसूत्रांत ज्ञानाची चार साधने, म्हणजे चार प्रमाणे सांगितली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यांतल्या उपमानाचा ठरलेला दृष्टांत आम्ही वर्षानुवर्षे वर्गात फळ्यावर लिहीत आलो. शहरातल्या एका माणसाला गाय माहीत आहे, गवय नावाचा प्राणी माहीत नाही. रानात राहणारा एक जण त्याला सांगतो, 'गवय हा गाईसारखा असतो.' पुढे हा नागरिक रानात जातो. गाईसारखे, पण गाय नसलेले एक जनावर त्याला दिसते. त्याला ते वाक्य आठवते आणि कळते, की 'गवय' म्हणतात तो हाच. या ज्ञानाला नैयायिक संज्ञा आणि संज्ञी यांच्या संबंधाचे ज्ञान म्हणतात. साध्या मराठीत, कोणते नाव कोणाचे, हे कळणे.

विद्यार्थी हमखास विचारत, 'सर, एवढ्याशा गोष्टीला स्वतंत्र प्रमाण कशाला?' शंका नवीन नाही. वैशेषिकांनी आणि बौद्धांनी हेच विचारले होते. रानातल्या माणसाचे वाक्य हे शब्दप्रमाण, जनावर दिसले ते प्रत्यक्ष, उरलेले अनुमानात बसवा. नैयायिकांचे म्हणणे असे, की वाक्य ऐकले तेव्हा प्राणी समोर नव्हता, आणि प्राणी दिसला तेव्हा तो आपले नाव सांगत नव्हता. दोन्ही टोके जुळली ती साम्याच्या आठवणीमुळे. म्हणून त्याला वेगळे नाव द्यायचे.

हा वाद निव्वळ शाब्दिक वाटू नये, म्हणून वात्स्यायनाचे भाष्य पाहावे. त्याने गवयाच्या जोडीला वनस्पतींची उदाहरणे दिली आहेत. मुगासारखी ती मुद्गपर्णी, उडदासारखी ती माषपर्णी. असे ऐकून माणूस रानात जातो आणि औषध ओळखून घेऊन येतो. इथे साम्य चुकले, तर नुसती चर्चा बिघडत नाही, रोगी बिघडतो.

आणि उंट? उंटसुद्धा आपल्या न्यायग्रंथांत आहे. वाचस्पतिमिश्रांनी साम्याऐवजी वैसादृश्याने होणाऱ्या ओळखीसाठी तोच घेतला आहे. उत्तरेकडचा एक माणूस उंटाची निंदा करतो : मान लांब आणि वाकडी, ओठ लोंबणारे, खातो काटे, सगळा बांधा बेढब. ऐकणारा दक्षिणेकडचा. त्याने उंट कधी पाहिलेला नाही. पुढे तो उत्तरेत जातो, इतर पशूंशी न जुळणारे ते ध्यान त्याला दिसते आणि तो ओळखतो, की शिव्या खाल्लेला प्राणी तो हाच. गंमत बघा. ग्रीकांनी जिराफाची ओळख पटवायला उंट वापरला. आमच्या ग्रंथातल्या दाक्षिणात्याला उंटाचीच ओळख पटवावी लागत होती. कोणता प्राणी ओळखीचा आणि कोणता परका, हे प्राण्यावर ठरत नाही. ऐकणारा कुठे उभा आहे यावर ठरते.

उपमानाच्या या गोष्टीत दोन पात्रे अत्यावश्यक आहेत. एक, सांगणारा वनवासी. दुसरा, रानात जाऊन प्रत्यक्ष पाहणारा नागरिक. समजा वाक्य उरले, पण रानात जाणे कधी झालेच नाही, तर काय होईल? कॅमेलोपार्डचा पुढचा इतिहास म्हणजे या प्रश्नाचे उत्तर आहे. रोमन साम्राज्य ओसरल्यावर उत्तर युरोपात जिराफ दिसेनासा झाला. नाव मात्र ग्रंथात राहिले. वर्णन होते आणि पडताळा नव्हता.

त्याचे पहिले उदाहरण बायबलचे. जुन्या करारातल्या ज्या पुस्तकाला मराठी बायबलात 'अनुवाद' असे नाव आहे, त्याच्या चौदाव्या अध्यायात कोणते प्राणी खावेत आणि कोणते खाऊ नयेत याची यादी आहे. त्यात 'झेमेर' असा एक हिब्रू शब्द येतो. हिब्रू धर्मग्रंथाचे ग्रीक भाषांतर होऊ लागले ते अलेक्झांड्रियात, त्याच इ.स.पू. तिसऱ्या शतकात. या भाषांतरात झेमेरच्या जागी कॅमेलोपार्डालिस आला. तिथून तो लॅटिन बायबलात गेला. म्हणजे ज्या लोकांनी जन्मात जिराफ पाहिला नाही, त्यांच्या धर्मग्रंथात जिराफ खाण्यास योग्य ठरला! १६११च्या इंग्रजी भाषांतरकारांनी तिथे युरोपातल्या डोंगरी बकऱ्याचे, शॅमॉयचे नाव घातले. हा बकराही त्या वाळवंटी मुलखातला नव्हे. आज अभ्यासक तिथे रानमेंढीसारखा एखादा प्राणी असावा असे मानतात. आहाराचा नियम हा धर्मनिष्ठ माणसाच्या रोजच्या ताटातला प्रश्न. तिथे नावाचा धागा तुटला, की भाषांतरकाराने काहीतरी तर लिहिलेच पाहिजे. तो ओळखीचा प्राणी उचलतो आणि रिकाम्या जागी उभा करतो.

दुसरे उदाहरण सरदार घराण्यांच्या ढालींवरचे. इंग्रजी कुलचिन्हांच्या शास्त्रात 'कॅमेलोपार्डेल' नावाची एक आकृती आहे. ती जिराफासारखीच, पण डोक्यावर मागे वळलेली लांब शिंगे. जिराफाला तशी शिंगे नसतात. तिसरे उदाहरण आकाशातले. सतराव्या शतकाच्या आरंभी प्लांसियस या डच नकाशाकाराने ध्रुवताऱ्याजवळच्या अंधुक ताऱ्यांचा एक तारकासमूह कल्पिला आणि त्याला कॅमेलोपार्डालिस नाव दिले. १६२४ साली याकोब बार्ट्शने त्याचा अर्थ लावला : बायबलातली रिबेका लग्नासाठी कनान देशी ज्या उंटावर बसून गेली, तोच हा. बिबट्या गळला, जिराफही गळला, उरला नुसता उंट. आजही खगोलशास्त्राच्या अधिकृत ८८ तारकासमूहांत हे नाव कायम आहे.

सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५च्या इंग्रजी कोशात कॅमेलोपार्डची नोंद आहे. हा अॅबिसिनियातला प्राणी हत्तीहून उंच, पण तेवढा जाड नाही. मान आणि डोके उंटासारखे, ठिपके बिबट्यासारखे, म्हणून हे नाव. इटालियन लोक त्याला जिराफा म्हणतात, असा त्याचा आशय. ही माहिती जॉन्सनने एका फ्रेंच कोशातून घेतली. कोशकार कोशातून घेतो आणि तो कोश आधीच्या ग्रंथातून. रानात कोणीच गेलेले नाही.

पण याहून खोल घोटाळा होता तो वेगळाच. नावात दोन प्राणी आहेत, तर मग प्राण्याच्या वंशातही दोन असणार, असे लोकांना वाटू लागले. उंट आणि बिबट्या यांच्या संकरातून हा जन्मला, अशा कथा निघाल्या. नावाची फोड हीच प्राण्याची वंशावळ झाली.

या समजुतीचा सर्वांत नेमका समाचार घेतला तो नवव्या शतकात इराकातल्या बसऱ्याच्या अल-जाहिझ या अरबी ग्रंथकाराने. त्याचा प्राण्यांवरचा मोठा ग्रंथ आहे. फारसीत जिराफाला 'शुतुर-गाव-पलंग' म्हणत. शुतुर म्हणजे उंट, गाव म्हणजे गाय किंवा बैल, आणि पलंग म्हणजे बिबट्या. हा आपला निजायचा पलंग नव्हे. या नावावरून लोकांनी तीन-तीन जनावरांच्या संकराच्या गोष्टी रचल्या होत्या. जाहिझचे म्हणणे असे, की फारसी माणूस दिसण्यावरून नावे जोडतो. शहामृगाला तो 'शुतुर-मुर्ग' म्हणतो, म्हणजे उंट-पक्षी. म्हणून काय शहामृग हा उंटाच्या आणि पक्ष्याच्या पोटी जन्मला असे कोणी मानतो का? मग जिराफाबद्दलच असे का मानता?

अकराशे वर्षांपूर्वीचा हा युक्तिवाद आहे आणि त्यात आजही काही सुधारायला नको. विशेष म्हणजे शहामृगाची कथा ग्रीकांकडेही तशीच. त्यांचा शब्द होता 'स्त्रुथोकामेलोस', चिमणी-उंट. लिनियसने १७५८ साली शहामृगाला शास्त्रीय नाव दिले 'स्त्रुथिओ कॅमेलस'. उंट अजून त्याच्या पाठीवर आहेच. आणि आपण मराठी माणसांनी काय केले? फारसी 'मुर्ग'चा, म्हणजे पक्ष्याचा, 'मृग' करून टाकला. एखाद्या चौकस पोराने विचारले, की शहामृग हे हरीण असते का, तर त्याला हसू नये. तो नावाची फोड करतो आहे, आणि फोड करणे ही बुद्धीची सवयच आहे.

आपल्या परंपरेत या सवयीसाठी नेमके शब्द आहेत. काही शब्द यौगिक असतात. अवयवांचा अर्थ जोडला की शब्दाचा अर्थ मिळतो, जसे पाचक म्हणजे स्वयंपाक करणारा. काही रूढ असतात. तिथे फोड करून काही हाती लागत नाही. काही योगरूढ. पंकज म्हणजे चिखलात जन्मलेले; पण चिखलात जन्मलेल्या प्रत्येक गोष्टीला, बेडकाला किंवा किड्याला, आपण पंकज म्हणत नाही. रूढीने तो शब्द कमळाला बांधून टाकला. एकोणिसाव्या शतकात जॉन स्टुअर्ट मिलने जवळजवळ हाच मुद्दा गावाच्या नावावरून मांडला. डार्टमथ हे गाव डार्ट नदीच्या मुखाशी आहे म्हणून ते नाव पडले. उद्या नदीने पात्र बदलले, तरी गावाचे नाव बदलण्याची गरज नाही. नाव पडण्याचे कारण वेगळे आणि नावाचा अर्थ वेगळा.

मग प्रश्न येतो : जोडनाव असूनही 'लेपर्ड' टिकला आणि 'कॅमेलोपार्ड' मेला, असे का? कारण लेपर्ड हाही जोडशब्दच आहे : 'लिओ' म्हणजे सिंह आणि 'पार्ड'. सिंहीण आणि पार्ड यांच्या संकराची कथा प्राचीन काळी त्याच्याही मागे लागली होती. आम्हाला याचे उत्तर असे दिसते, की इंग्रजीत 'पार्ड' हा सुटा शब्द हळूहळू वापरातून गेला आणि लेपर्डची शिवण दिसेनाशी झाली. तो पुरता रूढ झाला. कॅमेलोपार्डमध्ये उंट मात्र ठसठशीत उभा होता. 'कॅमल' हा शब्द रोजचा. नाव घेतले की उंट डोळ्यांपुढे येणार, आणि जिराफ पाहायचा राहणार.

उलट दिशेने काय घडते, याचे एक उदाहरण आपल्या देशाशी जोडलेले आहे. १४१४ साली बंगालच्या सुलतानाने चीनच्या योंगले सम्राटाला एक जिराफ भेट पाठवला. आफ्रिकेतून आलेला हा प्राणी बंगालमार्गे चीनला पोहोचला. चिनी परंपरेत 'चीलिन' नावाचा एक मंगल प्राणी होता. तो कोणी पाहिलेला नव्हता; चांगल्या राजाच्या काळात तो प्रकटतो अशी श्रद्धा होती. दरबाऱ्यांनी जिराफाला चीलिन ठरवले. शेन दू या दरबारी पंडिताने त्यावर स्तुतिपर लेख लिहिला, चित्र निघाले. ग्रीकांकडे प्राणी होता आणि नाव नव्हते. चिन्यांकडे नाव फार जुने होते आणि प्राणी नव्हता. आजच्या चिनी भाषेत जिराफाला लांब मानेचे हरीण अशा अर्थाचा शब्द आहे. पण जपानीत जिराफ म्हणजे अजूनही 'किरिन', तोच चीलिन. जपानी मुलाला किरिन म्हटल्यावर चित्र दिसते ते लांब मानेच्या खऱ्या जनावराचे.

आता तिसरा प्रश्न. १८२७ साली इजिप्तचा सुभेदार मुहम्मद अली याने युरोपातल्या राजांशी सलोखा राखण्यासाठी जिराफ भेट पाठवले. फ्रान्सच्या दहाव्या चार्ल्सचा जिराफ आदल्या वर्षी मार्सेलच्या बंदरात उतरला होता. तिथून पॅरिसपर्यंत सुमारे नऊशे किलोमीटरची वाट तो पायी चालला. सोबत ज्योफ्रुआ सेंट-हिलेर हे प्राणिशास्त्रज्ञ, अरबी बोलणारे रखवालदार आणि दूध पाजायला गाई. गावोगाव लोकांची झुंबड उडाली. त्याच वर्षी दुसरा जिराफ इंग्लंडच्या चौथ्या जॉर्जकडे गेला. तो दोनच वर्षे जगला. त्या वेळच्या व्यंगचित्रांत त्याच्यासाठी 'कॅमेलोपार्ड' हे नाव वापरलेले दिसते. 'जिराफ' हा शब्द अरबी 'झराफा'वरून, युरोपीय भाषांमार्गे इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून होताच. म्हणजे दोन्ही नावे शेजारी शेजारी नांदत होती. एक ग्रंथातले भारदस्त, दुसरे प्रवाशांच्या बोलण्यातले. १८३६ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात चार जिराफ आले, पुढे तिथे पिल्लेही झाली. आता तिकीट काढून कोणीही जिराफ पाहू शकत होते. गवयाच्या गोष्टीतला नागरिक अखेर रानात पोहोचला होता, किंवा रान त्याच्या गावात आले होते. एकदा ओळख पटली, की 'गाईसारखा, गाईसारखा' असे कोण घोकत बसतो? उंट आणि बिबट्या यांची गरज संपली. एका साध्या, फोड न होणाऱ्या नावाने काम भागले.

हे साधे नावही तसे सुखाने राहिलेले नाही, बरे का. अरबीत 'झराफा'चा एक अर्थ जमाव किंवा घोळका असा आहे. तेव्हा अनेक प्राण्यांच्या खुणा एका ठिकाणी जमल्या म्हणून हे नाव, अशी व्युत्पत्ती अरबी कोशकारांनी लावून दाखवली. फोड करण्याची हौस कोणत्याही भाषेला सोडत नाही.

कॅमेलोपार्ड मग कुठे गेला? तो थट्टेत गेला. एडगर अॅलन पो याने १८३६ साली एका विनोदी कथेत अँटिओकस राजाला कॅमेलोपार्डचे कातडे पांघरून चारी पायांवर नाचवले. मार्क ट्वेनच्या 'हकलबेरी फिन'मधले दोन भामटे गावकऱ्यांना लुटण्यासाठी जो खेळ लावतात, त्याच्या जाहिरातीत हेच भरघोस नाव आहे. प्रेक्षकांना दिसतो तो अंगावर रंगाचे पट्टे ओढलेला एक उघडा माणूस. शब्दाला वस्तू उरली नाही, की तो भामट्यांच्या उपयोगी पडतो, हे ट्वेनला चांगले ठाऊक होते.

शास्त्रात मात्र तो जपला गेला. लिनियसने १७५८ साली जिराफाला हरणांच्या गटात टाकून 'सर्व्हस कॅमेलोपार्डालिस' म्हटले. नंतर त्याची वेगळी प्रजाती झाली आणि नाव ठरले 'जिराफा कॅमेलोपार्डालिस'. पुढचा शब्द अरबी वाटेने आलेला, मागचा ग्रीक. दोन हजार वर्षांचे भांडण एका नावात मिटवून टाकले.

मित्रहो, हा सगळा दूरदेशीचा इतिहास झाला, आपला त्याच्याशी संबंध काय? तर आपल्या शिवारात येणारी नीलगाय घ्या. ती गाय नाही. गाई, शेळ्या, मेंढ्या, कुरंग हे सगळे ज्या मोठ्या कुळात येतात त्यातली ती आहे एवढेच. तिचे शास्त्रीय नाव ऐका : 'बोसेलाफस ट्रॅगोकॅमेलस'. 'बोसेलाफस' म्हणजे बैल-हरीण आणि 'ट्रॅगोकॅमेलस' म्हणजे बोकड-उंट! पल्लास या शास्त्रज्ञाने १७६६ साली त्यातला बोकड-उंट जोडला, बैल-हरीण पुढच्या शतकात आले. एका नावात चार जनावरे, आणि त्यांतले एकही ती नव्हे. पण या शास्त्रीय नावामुळे कोणाचे काही बिघडले नाही, कारण ते कोणी ऐकतच नाही. बिघडते ते 'गाय' या अवयवामुळे. उत्तरेत पीक डोळ्यांदेखत फस्त होत असताना कित्येक शेतकरी तिच्यावर हात उचलत नाहीत, कारण नावात गाय आहे. तर २०१६ साली बिहारमध्ये मोकाम्याच्या परिसरात सरकारी परवानगीने नीलगाई मोठ्या संख्येने मारल्या गेल्या, तेव्हा उठलेल्या वादातही हे नाव मध्ये आलेच. विदर्भातला शेतकरी याच जनावराला 'रोही' म्हणतो. त्या नावात गाय नाही. नुकसान तेच, जनावर तेच, पण मनावरचा भार वेगळा. मारावे की राखावे, हा निर्णय पिकाचे नुकसान, जनावरांची संख्या आणि जंगलाची स्थिती पाहून व्हायला हवा. नावाच्या फोडीवरून तो कोणत्याच बाजूने होऊ नये.

आणि ज्या गवयावरून आपण सुरुवात केली, तो तरी नेमका कोण? विद्वानांत एकमत नाही. कोणी म्हणतो गवा, कोणी म्हणतो ईशान्येकडचा गयाळ, कोणी म्हणतो नीलगाय. नाव कोणाचे हे कसे कळते, ते शिकवण्यासाठी हजारो वेळा सांगितलेला दृष्टांत. आणि त्यातलेच नाव कोणाचे हे आज खात्रीने सांगता येत नाही. कारण उघड आहे. 'गाईसारखा' हे वाक्य ग्रंथात जपले गेले, बोट दाखवणारा वनवासी जपला गेला नाही.

जिराफाबाबत हे आजच घडते आहे. १९८५ ते २०१५ या काळात जगातल्या जिराफांची संख्या ३६ ते ४० टक्क्यांनी घटली, आणि २०१६ साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने त्यांना धोक्यात असलेल्या प्राण्यांत घातले. त्याच वर्षी जनुकांच्या अभ्यासावरून असे मांडले गेले, की ज्याला आपण एक जिराफ म्हणतो, त्या खरे तर चार वेगळ्या जाती आहेत. एकाच नावाखाली सगळ्यांची बेरीज केली, की आकडा ठीक दिसतो आणि त्यातली एखादी शाखा संपत आल्याचे कळतही नाही. 'कॅमेलोपार्डालिस' हे जुने नाव शास्त्रीय अर्थाने आज ज्या उपजातीला विशेषेकरून लागते, ती न्यूबियन जिराफांची. १८२७ साली पॅरिसला आणि लंडनला गेलेले जिराफ हेच. २०१८च्या यादीत ही उपजात अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदली गेली.

म्हणजे नाव कोणाचे, हा प्रश्न इथे वर्गातला राहत नाही. कोणाला वेगळे मोजायचे आणि कोणाला वाचवायचे, हे त्यावर ठरते. परक्याची ओळख आपण ओळखीच्या गोष्टींवरूनच करून घेणार, त्याला इलाज नाही, आणि त्यात गैरही काही नाही. नैयायिकांनी त्याला ज्ञानाच्या साधनाचा मान दिला तो विचार करूनच. पण त्या गोष्टीतला नागरिक वाक्य ऐकून घरी बसला नाही. तो रानात गेला. आपणही इतके करावे, की नाव हाती आले म्हणून पाहणे थांबवू नये. ज्याचे नाव आहे, ते रानात अजून आहे तोवर तरी.